आपले पाळणाघर आणि त्याची वही

रौप्य महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा जमीन कशी घेतली, पहिली बोअर कुठे मारली, रस्त्यासाठी ग्रामपंचायतीत किती चकरा झाल्या, हे सगळे विषय डोळ्यांपुढे आले. पण त्यावर इतर सभासद लिहीत आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी विषय घेतला तो समाजभवनाच्या मागच्या खोलीत चालणाऱ्या आपल्या पाळणाघराचा. आपल्यापैकी निम्म्या घरांतली पोरे तिथे वाढली. काही आता इंजिनिअर झाली, एक-दोन तर स्वतःचे मूल घेऊन दिवाळीला येतात. पण या पाळणाघराचा इतिहास कोणी लिहिलेला नाही.

लिहिण्याला आणखी एक कारण आहे. ज्या काकूंनी इतकी वर्षे पाळणाघर सांभाळले त्या आता थकल्या आहेत आणि या वर्षअखेर काम सोडणार आहेत. पुढे काय, हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आहे. काहींचे म्हणणे, खोली ट्यूशन क्लासला भाड्याने द्यावी. काहींचे म्हणणे, पाळणाघर चालू ठेवा, पण फक्त सभासदांच्या मुलांसाठी. आणि तिसरे मत असे की आजवर घरच्यासारखे चालले तसेच चालू द्या, नियमांचा कागद कशाला? या तिसऱ्या मताविषयी मला विशेष सांगायचे आहे. पाळणाघर 'घरच्यासारखे' चालले हे खरे. पण ते नुसत्या मायेवर चालले नाही. त्याच्यामागे एक वही होती. हिशेबनीस म्हणून काही वर्षे ती माझ्याकडे होती, म्हणून तिच्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. त्या वहीकडे येण्याआधी थोडे मागे जावे लागेल, कारण तिच्यातले बरेच नियम आपल्याआधी दुसऱ्या कोणाला तरी करावे लागले होते.

गिरणीतली बाळे

आपल्याकडे पाळणाघर ही गोष्ट नोकरीवाल्या बायांसाठी निघाली असे आपण समजतो. ते तसे नाही. ते निघाले गिरणीतल्या आणि जिनिंगमधल्या मजूर बायांसाठी. आपला जिल्हा कापसाचा. हिंगणघाटला गिरणी, पुलगावला गिरणी, आणि गावोगाव जिनिंग-प्रेसिंग. सरकी काढायला बाया, कापूस उचलायला बाया. त्यांची तान्ही बाळे कुठे असत? कापसाच्या ढिगाजवळ, यंत्राच्या आवाजात, नाहीतर घरी आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर.

मुंबईच्या गिरण्यांत तर याहून वाईट रीत होती. बाळ दिवसभर झोपून राहावे म्हणून कामाला जाण्याआधी आई त्याला अफूची गोळी देई. 'बाळगोळी' असे गोड नाव होते तिला. मुंबई सरकारने १९२२ साली डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या बाईंना गिरणीतल्या स्त्रियांची पाहणी करायला नेमले, तेव्हा ही रीत किती सर्रास आहे ते कागदावर आले. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. पण दहा-दहा तास मशीनवर उभ्या राहणाऱ्या बाईपुढे दुसरा पर्याय काय होता, हे कोणी विचारले नव्हते.

काही मालकांनी स्वतःहून पाऊल उचलले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपूरला सुरू केलेल्या एम्प्रेस मिलने पुढे कामगार बायांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालवली. आपल्यापासून दोन तासांवर झालेले हे काम आहे, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. पण मालकाच्या मर्जीवर चाललेली सोय एका मिलमध्ये असते, शेजारच्या मिलमध्ये नसते. ती हक्काची व्हायला कायदा लागला.

तो कायदा टप्प्याटप्प्याने आला. आधी बाळंतपणाची रजा. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि १९३० साली आपल्या मध्य प्रांतात. मग १९३१ साली शाही मजूर आयोगाचा अहवाल आला आणि त्यात पाळणाघरांची शिफारस झाली. १९३४ च्या कारखाना कायद्यात तरतूद आली, पण कशी? पन्नासहून जास्त बाया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवावी, असा नियम प्रांतिक सरकार करू शकेल. 'करू शकेल.' बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला या दोन शब्दांचा अर्थ बरोबर कळतो. करू शकेल म्हणजे बहुधा करणार नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने 'करू शकेल'चे 'केलेच पाहिजे' केले. त्याचे ४८ वे कलम मी मुद्दाम वाचले. खोली प्रशस्त, उजेडाची, हवेशीर आणि स्वच्छ असावी. तिथे मुले सांभाळण्याचे शिक्षण घेतलेल्या बाया असाव्यात. आईला मधून मधून बाळाला पाजायला जाता यावे, मुलांचे कपडे धुवायची-बदलायची सोय असावी, आणि दूध किंवा खाऊ फुकट द्यावा, यासाठी राज्य सरकारला नियम करता येत असत. पन्नासची अट १९७६ साली तीसवर आली. घर आणि पाळणाघर यांच्यात काय ठरलेले असावे, याचा आपल्या देशातला हा जुना लेखी कागद म्हणता येईल. पण त्यात एक उणीव आहे. मालकाने काय करावे ते त्यात आहे, आईवडिलांशी बोलणे कसे करावे ते नाही. ते शिकवले दुसऱ्या माणसांनी, आणि त्यातली काही माणसे आपल्या जिल्ह्यातली होती.

सेवाग्राम

वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा आरंभ झाला, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही माहीत असते. झाकीर हुसेन समिती तिथेच नेमली गेली. पण ती योजना सात वर्षांपुढच्या मुलांची होती. त्याआधीच्या वयाचे काय? तुरुंगातून सुटून आल्यावर गांधीजींनी सांगितले की नई तालीम ही जन्मापासून मरणापर्यंतची असली पाहिजे. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामला त्यावर परिषद झाली, आणि 'पूर्व-बुनियादी' हा शब्द आला. हिंदुस्तानी तालीमी संघाचे काम आर्यनायकम आणि आशादेवी बघत होते. सेवाग्रामच्या पूर्व-बुनियादी शाळेचे काम शांता नारुलकर यांनी केले आणि त्याविषयी लिहून ठेवले.

त्यांच्या कामातली जी गोष्ट आपल्या उपयोगाची आहे तेवढीच सांगतो. लहान मुलाचे शिक्षण त्याच्या आईबापाच्या शिक्षणावाचून होत नाही, असे ते मानत. मूल शाळेत आले की आधी आंघोळ, नखे, केस, डोळे बघायचे. पण तेवढ्यावर थांबायचे नाही, घरी जाऊन आईशी बोलायचे. आज शाळा पालकांना व्हॉट्सअॅपवर सूचना पाठवते. तेव्हा शिक्षिका स्वतः दारात जात असे. आपण राहतो ते सावंगी आणि ते सेवाग्राम यांच्यामध्ये फक्त वर्धा शहर आहे. तरी आपल्या पोरांना हे कोणी सांगत नाही.

बोर्डी आणि कोसबाड

याच सुमारास तिकडे समुद्रकाठी, आजच्या पालघर जिल्ह्यात, ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या. त्या मूळच्या मुंबईच्या, पदवीधर, राजकोटला प्राचार्य झालेल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला. शहरातल्या मुलांसाठी सगळे नीट चालले होते. १९४५ साली अनुताई वाघ यांना सोबत घेऊन त्या बोर्डीला आल्या, आणि तिथे शहरचे नियम चालेनात.

हरिजनवाड्यातली मुले बालवाडीत यायची नाहीत. बोलावणे पाठवले तरी नाही. आईबाप मजुरीला गेलेले, मोठे भावंड धाकट्याला सांभाळणारे, आंघोळ झालेली नाही, अंगात कपडा नाही. अशा वेळी संस्था सहज म्हणू शकली असती की आम्ही बालवाडी उघडली, वेळ लावली, आता येणे न येणे पालकांच्या हाती. ताराबाईंनी उलटे केले. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिथेच मुलांना आंघोळ घालायची, तिथेच शिंपले, बिया, पाने घेऊन खेळ आणि गाणी. 'अंगणवाडी' हा शब्द तिथे जन्मला. १९७५ साली २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशभर आपण जिला अंगणवाडी म्हणतो तिचे नाव बोर्डीच्या त्या अंगणातून आलेले आहे.

१९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथे वारली मुले. शाळा उघडली, पण मोठ्या मुली यायच्या नाहीत, कारण कडेवर लहान भावंड. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि त्याला 'विकासवाडी' म्हटले. मुलगी भावाला पाळण्यात ठेवून पलीकडच्या वर्गात बसू लागली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात गेली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. पण मला त्यांची मोठी गोष्ट ही वाटते: नियम करण्याआधी त्यांनी घराचा दिवस बघितला. सकाळी कोण कुठे जाते, चूल कधी पेटते, धाकट्याला कोण घेते. मग नियम केला. म्हणून तो टिकला.

अलीकडचा काळ

१९६९ हे गांधी शताब्दीचे वर्ष. दिल्लीत शताब्दीच्या बांधकामावर मजूर बायांची मुले रेतीत, उन्हात पडलेली बघून मीरा महादेवन यांनी तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केले. 'मोबाईल क्रेशेस' हे नाव त्यावरून. इमारत झाली की मजूर पुढच्या कामावर जातात, म्हणून पाळणाघरही पुढे जाते. पुढे रोजगार हमीच्या राष्ट्रीय कायद्यात अशी तरतूद आली की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले असतील तर एका बाईला ती सांभाळायला नेमायचे आणि तिला मजुरी द्यायची. मुले सांभाळणे हेही कामच आहे, हे सरकारने त्या एका ओळीत कबूल केले.

अंगणवाडीचा एक भाग लक्षात घ्या. ती काही तासांची असते. खाऊ, लसीकरण, वजन, खेळ यासाठी ती उत्तम. पण जिची ड्युटी आठ तासांची आहे तिचा प्रश्न त्याने सुटत नाही. सरकारने २०२२ पासून 'पालना' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचे धरले आहे, ते यासाठीच. दरम्यान नोकरीवाल्या बायांनी आपापली वाट काढली. मी बँकेत लागलो तेव्हा शाखेत एक-दोन महिला क्लार्क असत. मूल सासूकडे, सासू नसली तर शेजारी, शेजारी जमले नाही तर राजीनामा. बदलीची ऑर्डर आली की हा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. कितीतरी हुशार बाया अशा गेल्या.

२०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. रजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येते. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की नेमणूक करतानाच हे सगळे फायदे त्या बाईला लेखी कळवले पाहिजेत. लेखी. कारण ज्याला माहीत नाही त्याला हक्क असून नसल्यासारखा.

आणि त्याच्या आधीच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, खारघरच्या एका खाजगी पाळणाघरात आयाने दहा महिन्यांच्या बाळाला मारल्याचे कॅमेऱ्यात दिसले आणि सगळा महाराष्ट्र हादरला. तेव्हा आपल्या सोसायटीतही दोन दिवस दुसरी चर्चा नव्हती. बहुतेकांचा एकच प्रश्न होता: आपल्या वहीत याविषयी काय आहे?

आपली वही

आता आपल्याकडे येतो. सोसायटी झाली तेव्हा आपण बहुतेक सगळे बाहेरून आलेले. कोणी मेडिकल कॉलेजात, कोणी दवाखान्यात नर्स, कोणी शाळेत, कोणी बँकेत. एकत्र कुटुंब मागे गावाला. यवतमाळ रोडला तेव्हा आजच्याइतकी वस्ती नव्हती. तिसऱ्या वर्षी चार मुलांनी पाळणाघर सुरू झाले. वहीचे पहिले पान म्हणजे फक्त चार नावे आणि पैसे मिळाल्याच्या सह्या. नियम एकही नाही. नियम एकेक करून आले, आणि प्रत्येकाच्या मागे काही ना काही घडलेले आहे.

पहिला नियम मुलाला कोणाच्या हाती द्यायचे याचा. एका मुलीचा मामा बाहेरगावाहून आला आणि तिला न्यायला थेट पाळणाघरात गेला. काकू म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मामा असाल जी, पण मी तुम्हाले ओळखत नाही. आईचा फोन येऊ द्या." मामा तापला. आईची ड्युटी वॉर्डात, फोन लागेना. पाऊण तास तो फाटकाशी बसून राहिला. संध्याकाळी त्या घरून तक्रार आली की आमच्या पाहुण्याचा अपमान झाला. सभेत मी एवढेच सांगितले की बँकेत नमुना सही जुळली नाही तर दोनशे रुपयांचा चेकसुद्धा आम्ही परत करतो, आणि इथे तर लेकरू आहे. त्या दिवसापासून प्रत्येक घराकडून तीन नावे, तीन सह्या आणि फोटो घेतले जातात. चौथा माणूस आला, मग तो कोणीही असो, आईवडिलांच्या फोनशिवाय मूल मिळत नाही. तक्रार करणाऱ्या घरानेच पहिल्यांदा सह्या दिल्या, हेही नोंदवतो.

दुसरा नियम उशिराचा. दवाखान्यातली ड्युटी म्हणजे रिलीव्हर येईपर्यंत जागा सोडता येत नाही. काकू वाट बघत बसायच्या, त्यांच्या घरचा स्वयंपाक राहायचा. आम्ही दंड लावला. अर्ध्या तासाला इतके पैसे. झाले उलटेच. आधी उशीर झाला की लोक ओशाळे होऊन धावत यायचे. आता पैसे मोजले की झाले, असे होऊ लागले. पुढे मला वाचनात आले की इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत अगदी हाच प्रयोग दोन अर्थतज्ज्ञांनी केला होता. त्यांचा निबंध २००० साली छापला गेला. दंड लावल्यावर उशिरा येणारे पालक वाढले, आणि दंड काढून टाकला तरी कमी झाले नाहीत. कारण उशीर ही आधी चूक होती, तिला दंडाने किंमत लावून विकाऊ वस्तू करून टाकले. आपण दंड काढला आणि दोन गोष्टी ठेवल्या. ज्यांची ड्युटी नेहमीच उशिरा संपते त्यांनी महिन्याच्या सुरुवातीलाच जास्तीचा तास सांगून, त्याचे पैसे भरून ठेवायचे, आणि तो तास सांभाळणारीला ते पैसे पूर्ण मिळतात. बाकीच्यांना उशीर होणार असेल तर आधी फोन. सलग तीनदा बिनफोनचा उशीर झाला तर कमिटीतले दोघे घरी जाऊन बोलतात. भांडायला नाही, अडचण काय ते बघायला.

तिसरा नियम आजारपणाचा, आणि सगळ्यात जास्त वाद यावरच झाले. सकाळी गोळी देऊन ताप उतरवायचा आणि मूल आणून सोडायचे. "काकू, ताप नाही त्याले, थोडी सर्दी हाय फक्त." दुपारी अंग भाजायचे, आणि चार दिवसांत सगळी पोरे आजारी. पण त्या आईचेही बघा. रजा शिल्लक नाही, नवरा बाहेरगावी, सासू गावाला. आमच्या सोसायटीतल्याच डॉक्टरांनी नियम लिहून दिला: ताप औषधाशिवाय चोवीस तास उतरलेला असावा, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब असतील तर घरी ठेवावे, आणि औषध द्यायचे तर मूळ बाटली आणि पालकांची सहीची चिठ्ठी. यात ताराबाईंची आठवण येईल असा एक भाग आहे. नुसते 'आणू नका' म्हणून भागत नव्हते, म्हणून प्रत्येक कुटुंबाने अडीअडचणीसाठी एक दुसरे घर ठरवून वहीत लिहायचे असे झाले. सोसायटीतल्या निवृत्त मंडळींची घरे त्यात आली. माझे घर दोन मुलांसाठी लिहिलेले होते. सौ.ने त्यांना भाताची पेज भरवली, मी गोष्टी सांगितल्या.

चौथा नियम मारण्याविषयी. कोणीही, कोणत्याही कारणाने मुलाला हात लावायचा नाही, घाबरवायचे नाही, कोंडायचे नाही. "आमच्या पोराले दोन लगावल्या तरी चालते," असे काही वडील स्वतःहून सांगत. पाळणाघरात नाही चालत, हे वहीत आधीपासून आहे. खारघरच्या बातमीनंतर त्यात भर पडली: मदतनीस ठेवताना पोलीस पडताळणी, खोलीचे दार दिवसा कधीही आतून बंद नाही, आणि कोणताही पालक न सांगता केव्हाही येऊन बघू शकतो. मला वाटते कॅमेऱ्यापेक्षा हा शेवटचा नियम जास्त कामाचा आहे.

पाचवा नियम सगळ्यात उशिरा आला. मुळात पाळणाघर फक्त सभासदांच्या मुलांसाठी होते. पण आपल्या घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बायांची पोरे फाटकाजवळ, मोटारसायकलींच्या सावलीत बसून राहायची. आत आपली पोरे पाळण्यात, बाहेर त्यांची पोरे मातीत. एका उन्हाळ्यात, ४६ डिग्री तापमानात, काकूंनी कोणालाही न विचारता दोघांना आत घेतले. काही सभासदांनी आक्षेप घेतला. सभा तापली. कोणी म्हणाले, स्वच्छतेचे काय? कोणी म्हणाले, उद्या सगळे गाव येईल. शेवटी ठरले ते असे: चार जागा कामगार बायांच्या मुलांसाठी, फी नाममात्र, आणि नियम तेच, जे सभासदांना आहेत. तीन सह्या, तेच आजारपणाचे नियम, तेच अचानक येऊन बघायचा हक्क. त्यातली एक मुलगी पुढे नर्सिंगला गेली. तिचे नाव लिहीत नाही, पण जुन्यांना माहीत आहे.

आता पुढे

येत्या सभेत 'फक्त सभासदांसाठी' ही सूचना पुन्हा येणार आहे म्हणून वरचा इतिहास एवढा लांबवला. ज्या सोयीची सुरुवातच मजूर बाईच्या बाळासाठी झाली, तिच्यातून तिलाच बाहेर काढणे बरे दिसत नाही. आणि व्यवहारानेही बघा. ती बाई बिनघोर कामाला आली तर आपल्या घरची सून वेळेवर ड्युटीला जाते. दोघींची सकाळ एकमेकींवर अवलंबून आहे.

'घरच्यासारखे चालू द्या, कागद नको' म्हणणाऱ्यांना माझे नम्रपणे सांगणे आहे. काकू होत्या तोवर नियम त्यांच्या स्वभावात होते. त्या कोणाला ओळखतात, कोणाला नाही म्हणू शकतात, कोणते मूल दुपारी काय खात नाही, हे सगळे त्यांच्या डोक्यात. नवीन बाई येईल तिला हे कुठून कळणार? आणि नियम तोंडी राहिला की काय होते ते मी बँकेत भरपूर बघितले आहे. ओळखीच्या माणसाला सवलत मिळते आणि बिनओळखीच्याला नियम दाखवला जातो. अध्यक्षांच्या नातवाला ताप असताना आत घेतले आणि कामवालीच्या पोराला परत पाठवले, असे एकदा झाले तरी पाळणाघराची अब्रू गेली. कागद कोणावर अविश्वास दाखवायला नसतो. ज्याची ओळख नाही, आवाज नाही, त्याला सारखे वागवले जावे म्हणून तो असतो.

म्हणून माझी सूचना अशी. वहीतले पाचही नियम, फी आणि सुट्ट्यांचा हिशेब, खाण्यापिण्याची माहिती आणि तक्रार कोणाकडे करायची, एवढे दोन पानांत सोप्या मराठीत छापावे. पालकांपैकी दोघे, त्यात एक कामगार आई, असे पाळणाघराच्या कमिटीत असावेत. प्रवेशाच्या दिवशी ती दोन पाने आईवडिलांपुढे वाचून दाखवावीत, कारण सगळ्यांना वाचता येते असे नाही. त्यावर दोन्ही बाजूंची सही व्हावी. आणि दरवर्षी जूनमध्ये पालकांना बसवून विचारावे की यातले काय जमते, काय जमत नाही. घराचा दिवस बदलतो. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याकडे रात्रपाळीच्या आया दोन होत्या, आज किती आहेत ते मोजा. त्यांच्या मुलांचे काय करायचे हा प्रश्न वहीत अजून आलेला नाही, आणि नव्या कमिटीला तो टाळता येणार नाही.

खोलीला ट्यूशन क्लासचे भाडे जास्त येईल, हे मला मान्य आहे. हिशेब मीही मांडून बघितला आहे. पण ती खोली सोसायटीच्या ताळेबंदात ज्या रकान्यात दिसते तेवढीच तिची किंमत नाही. काकूंचा सत्कार महोत्सवाच्या दिवशी होणारच आहे. शाल-श्रीफळाबरोबर ती वही स्वच्छ अक्षरात उतरवून, छापून त्यांच्या हाती द्यावी, आणि त्याच दिवशी नव्या पाळणाघराच्या प्रवेशाचा पहिला अर्ज भरून घ्यावा.  सभेला अवश्य या.